पावणं जाईपर्यंत

बाहेर पावणं पोहे खात होतं आणि मी आतल्या खोलीत कॉटवर आडवा. बोटाला कोरोनात घेतलेलं ते चिमट्याचं यंत्र. नाडी एकशे शेहेचाळीस. पळत न्हाय, खेळत न्हाय, नुस्ता पडून!

"आये, डॉक्टरबाईस्नी फोन लाव."

"हळू बोल की. धा मिनटं थांब. जाऊ देत त्यास्नी."

गारगोटीचं स्थळ. ताई पसंत पडलेली, आज तारीख धरायला आलते.

मला एडीएचडीची, म्हंजे मन एका जागी टिकत न्हाय त्याची, गोळी चालू होऊन चार म्हैनं झालं. शाळा सोडली तवा सगळी म्हणायची, धैर्यशील वाया गेला. गोळीनं फरक पडला, खोटं का बोला. गॅरेजात एक आख्खं इंजिन मी जागचं न उठता खोललं. मालक बघतच राह्यला.

पण त्या गोळीनं काळजाचं ठोकं वाढत्यात, म्हणून द्यायच्या आधी बाईंनी आईला विचारलंतं, "घरात कुणी तरुण वयात अचानक गेलंय का?" आई म्हणाली, "न्हाय."

माझा जोतीराम काका तेविसाव्या वर्षी फुटबॉल खेळता खेळता पडला तो उठलाच न्हाय. घरात सगळ्यांनी पाठ केलंय, काका अपघातात गेला. का? तर पोरींची लग्नं व्हायचीत. हृदयाचं दुखणं हाय म्हटलं की स्थळ दारात चप्पल पण काढत न्हाय.

आणि मी तरी काय शाणा? काल गोळी चुकली म्हणून आज दोन घेतल्या. वर टपरीवरचं एनर्जी ड्रिंक. दोन्ही करू नको म्हणून बाईंनी बजावलंतं.

छातीत आतनं कोण धक्के देतंय असं व्हायला लागलं. हात गार पडलं. मग मीच फोन लावला.

"किती घेतल्यास?"

"दोन."

"चक्कर येतेय? छातीत दुखतंय?"

"दोन्ही."

"लगेच मोठ्या दवाखान्यात जा, मी तिथं कळवते. गाडी तू चालवायची नाहीस. आणि आता खरं सांग, घरात कुणी असं गेलंय?"

मी स्पीकर लावून फोन आईपुढं धरला. ती दाराकडं बघत बसली. बाहेर कपबश्यांचा आवाज थांबला.

"सांग की! का मी पण अपघातातच जायचं?"

आई तोंडाला पदर लावून कायतरी पुटपुटली.

"ऐकू येत नाही," बाई म्हणाल्या.

"माझा दीर!" आई वरडली. "खेळताना गेला! तेवीस वर्षाचा होता!"

ताई पावण्यांच्या मधनं साडी धरून तशीच अनवाणी रस्त्यावर पळाली आणि रिक्षा आडवली.

रिक्षात आईनं माझं मनगट धरलं. मला धड दिसत न्हवतं.

"आये, ती लोकं आता न्हाय म्हणणार."

"गप. मोजू दे."

ती मोजायची, चुकायची, परत एकपासनं सुरू करायची.