शेंडीवालं अक्षर

मी एक जुना सर्व्हर आहे. मधमाशीपाळ संघाच्या कपाटात, मेणाच्या डब्यांशेजारी राहतो. मित्रांनो, चौदा वर्षांत माझ्याकडे आलेला एकही माणूस संघाच्या वेबसाइटचं पान न बघता परत गेला नव्हता.

मग एका सोमवारी एकशे बारा गेले.

झालं काय, संघाने माझ्या दारात एक नवा दरवान बसवला. तोही सर्व्हरच. आमच्या स्लोव्हेनियात काही अक्षरांना शेंडी असते, आणि राणीमाशी मागवायच्या पानाच्या पत्त्यात असलं एक अक्षर होतं. नवे ब्राउझर ते पाठवण्याआधी टक्क्याच्या चिन्हांत गुंडाळतात. दरवान ते टक्केही पुन्हा गुंडाळायचा. माझ्यापर्यंत यायचा नुसता काला. मी आपलं सांगायचो, पान सापडलं नाही.

इकडे माल्चीकाकूंच्या पेटीतली राणी मेली होती. मागण्या शुक्रवारी दुपारी बाराला बंद व्हायच्या; त्याआत नवी मागवली नाही, तर पेटी संपणार. काकू फोन घेऊन संघाच्या सचिवाकडे, विन्कोकडे आल्या. त्याच्या बाबा आदमच्या काळातल्या कॉम्प्युटरवर पान उघडायचं, कारण त्याचा ब्राउझर अक्षर उघडंच पाठवायचा आणि दरवान ते एकदाच गुंडाळायचा. मागणीचं बटण दाबलं की मात्र कॉम्प्युटरच बंद पडायचा.

"उघडतंय की. तुमचा फोनच बावळट."

"बावळट कोण, ते गावाला ठाऊक आहे, विन्को."

शुक्रवारी अकराला दुरुस्तीवाली ब्रेडा आली. म्हणाली, पत्त्यात साधी अक्षरं घाला, मिटलं. विन्को खिडकीबाहेर बघायला लागला. आमच्याकडे पेट्यांच्या दर्शनी फळ्यांवर चित्रं रंगवतात. यंदा त्याने संतांच्या जागी हा पत्ता रंगवून घेतला होता. साठ पेट्यांवर, तेलरंगात, शेंडीसकट.

"म्हणजे माश्यांना पाठ झाला असेल," ब्रेडा म्हणाली.

मग तिने माझी नोंदवही उघडली. चौदा वर्षांत पहिल्यांदाच कुणी उघडली. काकूंच्या फोनची आणि विन्कोच्या कॉम्प्युटरची अशा दोन ओळी शेजारी ठेवल्या आणि तिला दुहेरी गुंडाळी दिसली. गुंडाळून आलेलं पुन्हा गुंडाळू नकोस, अशी तंबी तिने दरवानाला दिली. बाराला चार मिनिटं असताना काकूंच्या फोनवर पान उघडलं. मागणी गेली. काकू खुर्चीत बसल्या आणि बराच वेळ नुसत्या हसत राहिल्या. माझाही पंखा हळू झाला.

मित्रांनो, काही बिघडलं तर आधी आमची नोंदवही वाचा. आम्ही सगळं लिहून ठेवतो, कुणी विचारत नाही एवढंच. आणि एका ब्राउझरवर चाललं म्हणजे सगळीकडे चाललं, असं समजू नका. ब्रेडाने तसं मानलं नाही. तिने उरलेल्या चार मिनिटांत आणखी सहा ब्राउझरांवरून काकूंच्याच नावाने मागणी पाठवून खात्री करून घेतली.

मंगळवारी टपालाने काकूंकडे सात राणीमाश्या आल्या.