सहा मिलिमीटरचा चमत्कार

संगणकाभोवती अख्खं इंजिनिअरिंग ऑफिस गोळा झालं होतं. दवाखान्याचे विश्वस्तही माना उंचावून बघत होते. दोन इमारतींना जोडणारा पूल बांधायचा, त्यावरून स्ट्रेचर जाणार, तुळया नको तितक्या सडपातळ. आणि पडद्यावर भाराखाली तुळईला येणारा वाक किती, तर फक्त सहा मिलिमीटर!

"हात आहे त्यांचा तुळईखाली," भागीदारकाकांनी रिकाम्या खुर्चीला नमस्कार केला. ऑफिसचे संस्थापक वर्षापूर्वी वारले, पण गणित अजून त्यांनीच संगणकात बनवून ठेवलेल्या फाइलमध्ये व्हायचं. तुळई जितकी बारीक तितकी कृपा जास्त, हे काकांचं पालुपद. विश्वस्तांनाही ते पटलं, कारण बारीक तुळई स्वस्त पडते.

सही मात्र संस्थापकांच्या मुलीची हवी होती. वर्षभर तिलाही मागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटायचं, आणि वळून बघायची भीती वाटायची. बाबा अजून इथेच आहेत, हे तिला हवंच होतं की! पण कागदावर हाताने मांडलं तर वाक येत होता चौपन्न. तीनदा मांडलं, तरी तेच.

बाबांच्या फाइलमध्ये गणितासाठी प्रत्येक तुळईचे चार तुकडे पाडायचे, हे ठरलेलं. त्या चाराला हात लावायची ऑफिसात कुणाची छाती नव्हती. तिने आठ केले. वाक अठरा झाला. सोळा केले, छत्तीस. बत्तीस केले, अठ्ठेचाळीस.

"रागावले ते," काका पुटपुटले.

"राग नाही, काका. या फाइलमधला तुकडा सरळच राहतो, त्याला वाकताच येत नाही. मग तो नुसता तिरका होतो, आणि तुळईत नसलेला ताण फाइल त्या तिरकेपणापायी मोजते. तुळई जितकी बारीक, तितका तो तुकडा खोटाच ताठ. तुकडे वाढवले तशी ही चूक कमी झाली आणि आकडा माझ्या चौपन्नाकडे सरकला. बाबांच्या तुळया जाडजूड होत्या, त्यांत चूक थोडकी असायची. या पुलावर पेशंट हिंदकळले असते."

वर्षभर जपलेला बाप त्या आकड्यांत कुठेच नव्हता. तिने सही न करताच नकाशे परत केले आणि जाड तुळया घ्यायला सांगितलं.

"आता भरवसा ठेवायचा कुणावर?" एका विश्वस्तांनी विचारलं.

"कुणावरच आंधळा नको. उत्तर यंत्राचं असो की थोरामोठ्यांचं, दुसऱ्या वाटेने काढून बघायचं. हा माझा कागद घ्या, आधी तोच तपासा."