नाव विचारणारं पान

"तुया पानानं सगळ्याइले हाकलून देल्लं, बेटा," बशीरभाई फोनवर म्हणाले. "नत्थुजीचा मोबाईल, शेजारच्या आरजूचा मोबाईल, दुकानातला नवा पेटीपॅकसुदिक. सगळ्याइवर एकच लिहून येऊन राहिलं, तुमचा ब्राउझर चालत नाही."

अमरावतीच्या ऑफिसात सबीहाच्या हातातला चहा तसाच राहिला. अब्बांचं बार्शीटाकळीत मोबाईल विक्री-दुरुस्तीचं दुकान होतं. ते उगाच काही सांगणाऱ्यांतले नव्हते. पण असं होणं शक्यच नव्हतं. वेबसाईटचं ते पान तिनं स्वतः लिहिलं होतं.

अकोल्याकडच्या एका जिनिंग सोसायटीनं त्या हंगामात कापूस खरेदीचं टोकन मोबाईलवरून द्यायचं ठरवलं होतं. ज्याच्याकडे टोकन, त्याचीच गाडी फाटकातून आत. ती वर्षंच अशी होती, की कापूस पिकवून झाला तरी माणसाचे हाल संपत नसत. फाटकासमोर गाडीखाली गोधडी अंथरून थंडीत पडून राहणं तरी टळावं, एवढाच हेतू. हे काम सत्यवती मॅडमच्या कंपनीला मिळालं होतं. कंपनी म्हणजे राजापेठेतल्या दोन खोल्या, मॅडम आणि सबीहा.

मॅडम आधी पॉलिटेक्निकला शिकवायच्या. सबीहाला नोकरीसाठी अमरावतीला ठेवायला बशीरभाई तयार नव्हते, तेव्हा मॅडम स्वतः एसटीनं बार्शीटाकळीला आल्या होत्या. दुकानातल्या स्टुलावर बसून त्यांनी बशीरभाईंना सांगितलं होतं, "मुलगी माझ्याजवळ राहील. तिची जबाबदारी माझी." त्या शब्दावर अब्बांनी तिला पाठवलं होतं.

वर्गात मॅडमचा एक धडा ठरलेला असे. वेबसाईट उघडणाऱ्या ब्राउझरला नाव विचारत बसू नका. नावं रोज नवी निघतात, काही ब्राउझर तर खोटं नावही सांगतात. तुला हे काम जमतं का, एवढं विचारा. जमत असेल तर करू द्या, जमत नसेल तर सोपी वाट द्या, पण दारातून परत पाठवू नका. सबीहानं टोकनचं पान तसंच बांधलं होतं. खेड्यात रेंज जाते म्हणून, भरलेली माहिती मोबाईलला स्वतःजवळ धरून ठेवता येते का, हे पान आधी तपासायचं. येत असेल तर रेंज आल्यावर ती आपोआप पुढे जायची. येत नसेल, तर साधा अर्ज समोर यायचा. स्वस्तातल्या स्वस्त मोबाईलवरही काम व्हायचं.

तिनं कॉम्प्युटरवर कोड उघडला. तिच्या त्या ओळी नव्हत्याच. त्यांच्या जागी तीन ब्राउझरांची नावं होती. नाव त्यात असेल तर आत, नसेल तर बाहेर.

मॅडमनी लपवलं नाही. सोसायटीचे अध्यक्ष चंद्रभानजी यांना आदल्या संध्याकाळी पान दाखवायचं होतं, आणि त्यांच्या मुलाच्या मोबाईलवर ते वाकडंतिकडं दिसलं. तपासत बसायला वेळ नव्हता. ज्या ब्राउझरांवर नीट दिसलं तेवढे ठेवले, बाकीच्यांना बंद केलं, असं त्या म्हणाल्या. सबीहा लगेच दुरुस्त करायला बसणार होती, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. चंद्रभानजी स्वतःच आले होते.

ते ओरडले नाहीत. बसले, पाणी प्यायले आणि सांगू लागले. सकाळपासून फाटकावरून गाड्या परत जात होत्या. बार्शीटाकळीच्या नत्थुजींनी भरला ट्रॅक्टर फाटकाला आडवा लावला होता आणि ते हलायला तयार नव्हते. लोक सोसायटीच्या नावानं बोटं मोडत होते.

"कोनं केलं हे?" त्यांनी विचारलं.

मॅडमनी क्षणभर टेबलावरचं पेन सरळ केलं. "नवीन मुलगी आहे. तिनंच लिहिलंय सगळं. माझ्याकडून बघायचं राहून गेलं."

सबीहानं त्यांच्याकडे पाहिलं. मॅडमची नजर पेनवरच होती.

चंद्रभानजी तिच्याकडे वळले. "तू बार्शीटाकळीची न वं? गावातल्या मानसाजवळ कोनता मोबाईल रायते, हे तुले समजाले नोको?"

"काकाजी, ते मी नाही लिहिलं."

ते मॅडमकडे पाहू लागले. ऑफिसातलं आम्ही ऑफिसात बघू, तासाभरात पान सुरू होईल, असं मॅडम म्हणाल्या. चंद्रभानजींना तेवढंच हवं होतं. ते उठून गेले.

सबीहा खुर्चीवर बसली आणि कामाला लागली. तिनं नावं काढून टाकली, आपल्या ओळी पुन्हा लिहिल्या, अध्यक्षांच्या मुलाच्या मोबाईलवरचा वाकडेपणाही शोधून काढला. एका ओळीची चूक होती. मग अब्बांना फोन लावला, आणि दुकानातल्या सगळ्या मोबाईलवर पान उघडल्याचं त्यांच्या तोंडून ऐकल्यावरच ती उठली.

मॅडम दाराशी उभ्या होत्या. काम हातचं गेलं असतं तर दोघींचंही नुकसान झालं असतं, हे तू समजून घे, असं त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"मले आधी सांगतलं असतं मॅडम," सबीहा म्हणाली, "तर मीच म्हटलं असतं, माझं नाव घ्या म्हणून."

सबीहानं डबा पिशवीत टाकला, चपला घातल्या आणि जिना उतरली. अकोल्याच्या गाडीत खिडकीशी बसल्यावर तिला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. घरी अम्मीनं विचारलं, सुट्टी घेतली का? ती नुसतंच हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अब्बांच्या दुकानात काउंटरमागे बसली होती. नत्थुजींची बायको पार्वताबाई मोबाईल घेऊन आल्या. नत्थुजी अजून ट्रॅक्टरपाशीच होते, आणि टोकन कसं काढायचं ते पार्वताबाईंना समजत नव्हतं. काच तडकलेला, कुणी नावही ऐकलं नसेल अशा कंपनीचा मोबाईल. सबीहानं पान उघडलं, माहिती भरली. मधेच रेंज गेली. दोघी थांबल्या. रेंज आली, आणि टोकन आलं.

पार्वताबाई शाळेत चार बुकं शिकलेल्या होत्या. मोबाईल डोळ्यांजवळ धरून त्या टोकन वाचू लागल्या आणि वाचता वाचता पानाच्या तळाशी पोचल्या. तिथं पान बनवणाऱ्याच्या नावाची बारीक अक्षरं होती. त्यांनी ती एकेक करून लावली. "रच-ना... सत्य-वती. हे कोन व्हय वं?"

"माह्या मॅडम."

"मोठी हुशार असन बाई."

"हो," सबीहा म्हणाली. "मले त्याईनंच शिकवलं."

तिनं ओढणीच्या टोकानं तडकलेली काच पुसली आणि मोबाईल त्यांच्या हातात दिला.