सादिमिनचा शेवटचा दरबार

"भुवई वाकडी काढलीस. राणी आहेस की मासळीवाली?"

म्हातारा सादिमिन कपड्यांच्या पेटीवर बसून उकडलेल्या शेंगा सोलत होता. कसियातीने आरशातली नजर हलवली नाही.

"तुमची नजर वाकडी झालीय, म्बाह."

अख्खी नाटकमंडळी त्याला म्बाह, म्हणजे आजोबा म्हणायची. जावा बेटावरच्या पाती शहराच्या आसपास गावोगावी ही मंडळी केतोप्राक करायची. या नाटकाला संहिता नसते. दुपारी मालकाने गोष्ट सांगायची आणि बोलणं ज्याचं त्याने रंगमंचावरच जुळवायचं. कसियाती मंडळीत आली तेव्हा कोवळी पोर होती. दरबारी भाषेचा तिला गंध नव्हता. ती सादिमिनने शिकवली, शिव्या घालून आणि चपला फेकून. आता तिच्या मुलीचंही लग्न झालं होतं. एवढ्या वर्षांत दोघांनी एकमेकांना गोड शब्द दिला नव्हता. पण प्रयोगाआधीचं हे भांडण चुकलं, तर दोघांनाही जेवण अळणी लागायचं.

आज मात्र तिच्याकडे मालकाचं काम होतं. मागच्या गावात राजा झालेल्या सादिमिनने शत्रूला स्वतःच्या मुलाच्या नावाने हाक मारली होती. गावकरी चिडले होते. "आजच्यानंतर बस म्हणावं," लसदीमालक सकाळी म्हणाला होता. "तुझं ऐकेल तो." तिने आधी नाही म्हटलं, मग हो म्हटलं. खरं तर तीही दमली होती.

"म्बाह, लसदीने—"

"ठाऊक आहे." त्याने टरफल तिच्या पायाशी टाकलं. "आणि तो तुलाच पाठवणार, हेही ठाऊक होतं. सुरीला धार मीच लावली ना!"

"तुम्ही नावं विसरता."

"राजाने नावं लक्षात ठेवायची नसतात. बाकीच्यांनी राजाचं ठेवायचं असतं."

"वाक्य अर्ध्यावर सोडता. मी उचलते. किती दिवस उचलू?"

"तू? अगं, तोंडात गरम भात धरल्यासारखी बोलायचीस. तुला जीभ मी दिली."

"दिलीत. चपला मारून."

"एकही लागली नाही. तेवढी दया पुष्कळ झाली." तो उठला आणि मुकुट काखेत मारून बाहेर गेला.

कापणीनंतरचा गावचा उत्सव होता. मैदान भरलं होतं. गोष्ट साधी होती. राणीचा भाऊ बंड करतो, राणी पदर पसरते, राजा माफ करतो. कसियातीने गुडघे टेकून पदर पसरला. सादिमिन सिंहासनावरून तिच्याकडे बघत राहिला.

"माफी नाही," तो म्हणाला. "ज्या घरात वाढलीस, त्याच घराला आग लावलीस."

वादकांचे हात थबकले. हे गोष्टीत नव्हतं. तिच्या मस्तकात तिडीक गेली.

"आग मी नाही लावली, महाराज. छप्पर कधीचं गळतंय. मीच खाली भांडं धरून उभी होते."

"मग आज भांडं का ठेवलंस?"

"हात भरून आले."

सादिमिन ताडकन उठला. "सेनापती! हिच्या भावाला फासावर चढवा! सेनापती..." तो नाव शोधू लागला. समोर सेनापती भाला धरून उभा होता. म्हाताऱ्याचे ओठ हलले, नाव आलं नाही. तिच्या तोंडात ते तयार होतं. नेहमीसारखं तिने ते हळूच पुढे सरकवायचं, एवढंच. तिने दात आवळले. मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं, मग आणखी दोघंतिघं.

सादिमिनने तिच्याकडे पाहिलं. मग मुकुट काढून सिंहासनावर ठेवला.

"या राजाला आता माणसांची नावं आठवत नाहीत," तो खणखणीत आवाजात म्हणाला. "दुसरा राजा बघा."

पडद्याआड न जाता तो समोरच्या पायऱ्या उतरला आणि लोकांमधून चालत निघून गेला. लोकांना वाटलं, गोष्ट अशीच आहे. हसणारे गप्प झाले; बायका डोळे पुसू लागल्या. भावाला माफी कसियातीनेच दिली. कशी दिली, काय बोलली, तिला आठवत नाही.

तीन-चार दिवसांनी ती तळलेली केळी घेऊन त्याच्या घरी गेली. सून दारात आली. आतून आवाज आला, "सांग तिला, मी घरी नाही!" कसियातीने पुडा ओट्यावर ठेवला. "केळी कोंबड्यांना घाल," आवाज पुन्हा म्हणाला. ती तशीच परतली.

मग मंडळीचा प्रयोग सादिमिनच्याच गावात लागला. राजा नवा होता, गळ्याने बरा. कसियाती पुढे आली आणि तिला तो दिसला. अगदी पहिल्या रांगेत चटईवर, रंगमंचाकडे पाठ करून बसला होता. शेजारच्यांनी खुणावलं, पण तो काही वळला नाही. तिने दात-ओठ खात बोलायला सुरुवात केली.

मध्येच कर्णा बिघडला. आवाज जाईना. लोक कुरकुरले, पोरं ओरडायला लागली. ती घशाच्या शिरा ताणून बोलत राहिली.

म्हातारा गुडघ्यावर हात टेकून उभा राहिला. तोंड अजून लोकांकडेच.

"गप्प बसा रे!" तो गरजला. "राणीसाहेब बोलतायत."

मैदान शांत झालं. तो पुन्हा खाली बसला, तसाच पाठमोरा, आणि कसियातीने अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण केलं.