शब्बाथसाठी उठलात तेव्हा कुठवर आला होतात?

लंडनजवळच्या इल्फर्डला डिसेंबरात दुपारचा चहा होतो न होतो तोच अंधारून येतं. एकोणसत्तर सालच्या त्या शुक्रवारी हे लवकरच्या शिफ्टवरून आले, जेवले आणि मागच्या खोलीत काडतुसं भरायला बसले. कारखान्यातल्या पद्माकर भावजींनी यांना रायफल क्लबात नेलं होतं. तिथली मंडळी झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या फेकत नाहीत. घरी आणून त्यांत पुन्हा बंदुकीची दारू घालतात, वर नवी गोळी बसवतात. परवाना रीतसर होता. पुस्तक मात्र नव्हतं. भावजींनी एकदा करून दाखवलं, तेवढंच यांचं शिक्षण.

मी दारातून हाक मारली, "अहो, दिवा लावते हं. शब्बाथ लागतोय."

हे तसेच उठले. यांचं असंच, हातातला घास ठेवतील, पण देवाची वेळ चुकवणार नाहीत. पुंगळ्यांच्या ट्रेवर टॉवेल टाकला, हात धुतले, किद्दूशची प्रार्थना म्हटली. आम्ही ज्यू, शब्बाथला काम वर्ज्य; दुसऱ्या दिवशी आकाशात तारे दिसेपर्यंत त्या खोलीकडे कोणी फिरकलं नाही.

शनिवारी संध्याकाळी हे पुन्हा बसले. टॉवेल उचलला आणि थांबले.

"काय झालं?"

"काही नाही. पहिल्या रांगेपर्यंतच दारू घातली होती. बहुतेक."

"बहुतेक?"

"अगं, आठवतंय मला. तू जा बघू."

यांचं 'बहुतेक' मला चांगलं ठाऊक. गॅस बहुतेक बंद असतो, आणि मी बसस्टॉपवरून परत येते. पण यांनी सगळी काडतुसं भरून ट्रेसकट बॅगेत ठेवलीसुद्धा. विचारावं तर कुणाला?

रविवारी धुकं इतकं दाट पडलं की क्लबनेच नेमबाजी रद्द केली. मी मनोमन नवसाला पावणाऱ्या एलियाहू हन्नाबींना हात जोडले. सोमवारी यांच्या मागे लागून बंदुकांच्या दुकानात निघाले. पद्माकर भावजी गाडी घेऊन आले.

"वहिनी, तुम्हीपण बंदूक घेताय की काय? निसीम, सांभाळून राहा रे बाबा!"

"मी पुस्तक घ्यायला येतेय, भावजी."

"याला कशाला पुस्तक? याचा हात म्हणजे लेथ आहे, लेथ!"

म्हाताऱ्या दुकानदाराने काउंटरवर दोन पुस्तकं ठेवली. एक जाडजूड, अमेरिकन. दुसरं बारकं, नवशिक्यांसाठी. कव्हरवर टाय लावलेला एक साहेब.

यांनी जाडं उचललं. "हे बघ. प्रत्येक काडतुसाचं माप दिलंय."

"आणि ते?"

"ते पोरासोरांचं."

मी दोन्ही चाळली. जाडं उघडलं की एकदम कोष्टकं. ना नमन, ना पूर्वरंग. आम्हा मराठी ज्यूंकडे बायबलमधल्या योसेफाचं आख्यान सगळ्यांना पाठ असायचं, तरी कीर्तनात मध्येच पेटी अडली किंवा कुणी उठलं, तर बुवा ते पद पुन्हा पहिल्या ओळीपासून गायचे. कुठवर आलो होतो, हे श्रोत्यांनी आठवत बसायचं नाही. मला तसं पुस्तक हवं होतं.

मी माझ्या मोडक्या इंग्रजीत दुकानदाराला विचारलं, "भरता भरता माणूस मध्येच उठला तर काय करायचं? ते यातल्या कशात आहे?"

"हा काय प्रश्न झाला!" हे मराठीत पुटपुटले.

दुकानदार हसला नाही. त्याने बारकं पुस्तक उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचलं. फोन आला, दारात कुणी आलं, कशासाठीही उठावं लागलं, तर सगळ्या पुंगळ्या रिकाम्या करा आणि पहिल्यापासून भरा. आठवणीवर विसंबू नका. थोडी दारू तळाशी बसते, एकदा पडली की दोनदा ते डोकावून कळत नाही. दुप्पट पडली तर रायफल तोंडासमोर फुटेल.

मग त्याने मान वर केली. "साहेब उठले होते का, मॅडम?"

"शब्बाथला. पूर्ण एक दिवस."

भावजींच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "निसीम, ती काडतुसं कुठे आहेत?"

"बॅगेत."

"आणि काल धुकं नसतं तर झाडली असतीस? माझ्या शेजारी उभा राहून?"

"मला आठवत होतं रे..."

"काय आठवत होतं?"

जाडं पुस्तक यांनी स्वतःच परत ठेवलं आणि बारक्याचे पैसे मोजले.

घरी आल्यावर भावजींनी आपलं उपसणीचं अवजार आणून एकेका काडतुसातली गोळी उपसली. हे दारू वजनकाट्यावर घालायचे, मी पुस्तक उघडं धरून उभी. पहिल्या रांगेचं माप बरोबर निघालं. मला वाटलं, उगाच घाबरले. दुसऱ्या रांगेतलं पहिलंच काडतूस उघडलं आणि काटा खाडकन खाली गेला. यांनी दारू काढून पुन्हा तोलली. पुन्हा तेवढीच, दुप्पट.

यांनी चष्मा काढला. मी यांच्या उजव्या डोळ्याकडे बघत राहिले. याच डोळ्याने हे नेम धरतात.

"पुढचं उघड, पद्माकर," हे हळूच म्हणाले. "आणि लीया, ती ओळ पुन्हा वाच. हळू वाच."