तोकडी नळी

मित्रांनो, आज मी जेमतेम हातभर उरले आहे, पण माझा जन्म असा तोकडा नव्हता. कारखान्यातून निघाले तेव्हा मी चांगली तीन मीटर लांब होते, आणि आतून पेन्सिलही जाणार नाही इतकी बारीक. पिंपातली बिअर तोटीपर्यंत नेणारी नळी मी.

माझे मालक प्लंबर. त्यांचे थोरले भाऊ, दादा, फार आजारी होते. डॉक्टरांनी हात टेकले. "मागतील ते द्या," म्हणाले. दादांनी मागितलं काय, तर बाबा घरी करायचे तशी एक ग्लास थंडगार बिअर! मालक स्वतः थेंबही घेत नसत, पण भावासाठी खटपट करून त्यांनी पिंपभर बिअर केली. रविवारी दादा येणार होते.

माझी गुंडाळी देताना दुकानदाराने बजावलं, "लांब वाटली तरी कापू नका हं. पिंपातल्या गॅसचा जोर या लांबीतच जिरतो."

"मला शिकवता? अहो, उभा जन्म पाइपात गेला माझा!" मालक हसले.

पाण्याच्या कामात जास्तीचा पाइप म्हणजे गबाळेपणा. घरी येताच मालकांनी नाक मुरडलं आणि माझे दोन तुकडे केले. मोठा तुकडा कचऱ्यात गेला. "आता कशी सुटसुटीत दिसते," मालकीणबाई म्हणाल्या, आणि खोटं कशाला बोलू, मीही शेफारले.

रविवारी दादांना दोघांनी धरून खुर्चीत बसवलं. मालकांनी तोटी फिरवली. अरे देवा! नुसता फेस. दुसरा ग्लास, तोही फेस. गॅस कमी केला, पिंपाभोवती बर्फ रचला, तरी तेच. बिअर माझ्यातून सुसाट धावत होती, मला ती आवरेना. ओरडून सांगावंसं वाटलं, पण नळीला तोंडं दोन असली तरी बोलायला एकही नसतं.

"राहू दे रे, बसेल फेस," दादा म्हणाले. फेस बसेपर्यंत ते खुर्चीतच पेंगले. तळाशी दोन बोटं कोमट, मेलेली बिअर उरली.

"दादांना घरी पोचवू या, फार दमलेत," मालकीणबाई हळूच म्हणाल्या. मालकांनी मान खाली घातली. जाताना दादांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "पुढच्या रविवारी पिऊ," म्हणाले. तो रविवार त्यांनी पाहिला नाही.

महिन्याने मालक पुन्हा त्याच दुकानात गेले. "तीन मीटर द्या, कापत नाही," एवढंच बोलले. नव्या नळीतून पहिलाच ग्लास नितळ भरला, वर बोटभर फेस. मालक बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तो मोरीत ओतला आणि तिथेच रडत बसले.

मी आता हत्यारांच्या पेटीत तळाशी पडून असते. मित्रांनो, एका कामात तुमचा हात कितीही बसलेला असो, दुसऱ्या कामाला लागताना त्यातल्या माणसाचं ऐका. नळी काय, दुकानात दुसरी मिळाली. दादा कुठून आणायचे?