सराव-न्यायालयातले पोडियम

मित्रांनो, मी एक जुने सागवानी पोडियम आहे. कायद्याच्या महाविद्यालयात विद्यार्थी लुटुपुटूचे खटले लढवून वकिली शिकतात, त्या खोलीत माझा जन्म गेला. मला घडवताना तेव्हाचे प्राचार्य सुताराला म्हणाले होते, "उंच करा. वकील म्हणजे भरदार गडी." त्यामुळे बहुतेक मुलींची माझ्यामागून नुसती कपाळे दिसतात.

बोलणाऱ्याचे तळहात माझ्या कडांवर टेकतात, म्हणून भीती सगळ्यांत आधी मला कळते. मुलांच्याही हातांना घाम फुटतो, पण तो खटल्याचा. मुलींना धसका असतो तो समोर न्यायाधीश होऊन बसणाऱ्या सरांचा. मुलगा ओरडला की ते म्हणतात, "वा, दमदार." मुलीने आवाज चढवला की म्हणतात, "बाईसाहेब, हे घरचं भांडण नाही." वर्ग खिदळतो.

एका वर्षी एक मुलगी वाक्य अर्धवट सोडून खाली बसली. ती पुन्हा कॉलेजात आलीच नाही. तेव्हापासून मुलीचे नाव पुकारले की ती शेवटपर्यंत उभी राहील ना, एवढेच मी पाहते.

गेल्या महिन्यात परीक्षेच्या युक्तिवादाला एका शिंपिणीची मुलगी उभी राहिली. हात बर्फासारखे गार.

"माझी अशील डॉक्टर आहे," ती म्हणाली. "तिला कामावरून काढलं..."

"त्याला," सरांनी अडवले. "कायद्यात 'तो' म्हटलं की 'ती' त्यातच येते."

तिची नखे माझ्या लाकडात रुतली. आता हीही बसणार, या भीतीने मी गारठले.

"सर, खटल्याच्या कागदात चौथ्या ओळीत बाळंतपणाची रजा आहे. तो बाळंत झाला, असं म्हणू का?"

एक मुलगा हसला आणि लगेच गप्प झाला. सर सावकाश म्हणाले, "मार्क माझ्या हातात आहेत, बाई."

"हो, सर." पण तिने युक्तिवाद शेवटपर्यंत मांडला.

सरांनी तिला नापास केले. दुसऱ्या दिवशी तिने प्राचार्यांच्या नावाचा तक्रार अर्ज माझ्याच फळीवर कागद ठेवून लिहिला. सहीसाठी तिच्या मैत्रिणीने पेन उचलले, पण ती तशीच थांबली.

"सही केली तर मलाही नापास करतील का गं?"

"करतीलही," ती म्हणाली.

अर्जाचा निकाल अजून लागलेला नाही. दार वाजले की मी दचकते. मित्रांनो, मला पॉलिश नाही केले तरी चालेल. पण कुणाचे हात थरथरताना दिसले, तर निदान हसू नका. त्या मैत्रिणीचा हात खूप थरथरत होता. सही वाकडी आली, पण तिने ती केली.